पाठ केलेली तपासणी

मंगळवार आला की रेणूच्या पोटात दुखायला लागायचं. हे दुखणं ओव्यानं जाणारं नव्हतं. शाळा सुटली की दुर्गेश्वरी मॅडमची स्कूटी आंगणात यायची, पेरूच्या झाडाखाली उभी राहायची, आणि रेणूची धाकटी जाऊ नीतू आपल्या ओसरीवर नवीकोरी चटई अंथरून "या मॅडम, बसा मॅडम" करायची. मॅडम नीतूच्या हिमांशूला शेजारी घेऊन बसायच्या. ताटात रेती पसरायच्या, तिच्यात त्याचं बोट धरून अक्षर काढायच्या, पुसायच्या, पुन्हा काढायच्या. एवढी शिकलेली बाई एका पोरासाठी चपला काढून मांडी घालून बसते, हे रेणू आपल्या चुलीपुढून पाहायची आणि तिचा भात हमखास खालून लागायचा.

घर एकच, आंगण एकच, चुली दोन. थोरला टेकचंद, रेणूचा नवरा, शेती पाहायचा, धाकटा लीलाधर तिरोड्याला खताच्या दुकानात कामाला होता. बोदलकसा तलावाच्या खालच्या अंगाला दोघा भावांची धानाची जमीन होती, ती अजून सामाईकच. सासू धुरपताबाई जेवायची रेणूकडे आणि गुण गायची नीतूचे.

हिमांशू चौथीत गेला तरी त्याला वाचता येत नव्हतं. मागच्या वर्षी नीतू आणि लीलाधर त्याला घेऊन गोंदियाला गेले. अशी पोरं तपासायची तिथं एक जागा होती. संध्याकाळी परत आले तेव्हा नीतूनं सगळ्यांना आंगणात समोशे वाटले आणि सांगितलं, "तिथली बाई मनली, पोराचा दिमाग तेज आहे. चांगल्याहून चांगला आहे. फक्त अक्षरं धरता येत नाही त्याले. दुसऱ्या रीतीनं शिकवा लागते. तं त्याच्यासाठी मॅडम येईल."

या बोलण्यातल्या दोनच गोष्टी रेणूच्या कानात शिरल्या. दिमाग तेज निघाला, आणि मॅडम येईल. मधलं सगळं तिच्या कानावरून गेलं.

त्या दिवसापासून हिमांशूचं नशीब पालटलं. शाळेत गुरुजींनी त्याला मारणं सोडलं. परीक्षेत त्याला प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळाला, वेळ जास्त मिळाला. धुरपताबाई तलावातल्या मासोळीचं डोकं पूर्वी टेकचंदला द्यायची, ते आता हिमांशूच्या ताटात पडायला लागलं. "खा बाबू, डोक्यानं डोकं वाढते," असं म्हणून म्हातारी रश्शातलं डोकं त्याच्यासाठी शोधून काढायची.

आणि रेणूची दामिनी? ती तर हिमांशूहून मोठी, सातवीतली. तिलाही वाचता येत नव्हतं. पण तिच्यासाठी कोणाची स्कूटी आली नाही. ती वर्गात मागं बसायची. गुरुजी तिला ढ म्हणायचे, पोरं गोबर म्हणायची आणि घरात सगळे मिळून आळशी म्हणायचे. रेणूही म्हणायची. म्हणता म्हणता दोन रट्टेही द्यायची.

रेणूला नीतूच्या साड्यांचा कधी हेवा वाटला नाही, तिच्या गोऱ्या रंगाचाही नाही. तिला हेवा वाटायचा तो नीतूच्या पोराच्या आजाराचा. लेकराच्या आजारावर जळणारी बाई जगात आपण एकटीच असू, असं तिला वाटायचं आणि लाजही वाटायची. पण लाजेनं पोटदुखी थांबत नाही.

आषाढ लागला. धानाच्या रोपांचे पऱ्हे हातभर झाले. टेकचंदनं लीलाधरच्या दुकानातून खताच्या बोऱ्या आणल्या आणि शेताच्या धुऱ्यावर उतरवून घेता घेता दामिनीला हाक मारली.

"वाच वं, काय लिवलं आहे बोरीवर. माया चष्मा नाही जवळ."

टेकचंदला चष्मा नव्हताच. तलावाच्या त्या काठाला बसलेला बगळा त्याला या काठावरून दिसायचा. पण कुठं काही वाचायची वेळ आली की त्याचा चष्मा हरवायचा, ही घरातली जुनी गोष्ट होती आणि कोणी तिकडं लक्ष देत नव्हतं.

दामिनी बोरीपुढं उकिडवी बसली. बोट लावलं. ओठ हलले, आवाज आला नाही. पावसाची बारीक झिमझिम चालू होती. तिच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं, ते पावसाचं की घामाचं कळत नव्हतं.

"बोल ना!"

"यु..." दामिनी म्हणाली आणि थांबली.

धानाच्या रोवणीला आलेल्या बाया पाहत होत्या. त्यांतली कवडूची बायको तोंडाला पदर लावून हसली. टेकचंदनं बोऱ्यांचा दोर उचलला आणि पोरीच्या पोटरीवर सपकन ओढला.

"सातवीत आहे मंते! बोरीवरचे चार आखर येत नाही! यंदाची रोवणी होऊ दे. मंग शाळा बंद. मुर्रीच्या आत्याले कामाले पोरगी पायजेच आहे. तिच्या घरी भांडे घासंल, लेकरू सांभाळंल. कायले पुस्तकं ओझ्यावानी वाहून राहिली?"

दामिनी उठून चिखल भरल्या बांधीत उतरली आणि रोवायला लागली. रोवण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. मोठ्या बायांची रांग मागं पडायची आणि ही पोरगी चिखलातून उलट्या पावलांनी सरसर मागं सरकत जायची. पण रोवण्याचं कौतुक कोण करतो? ते तर सगळ्यांनाच येतं.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी दुर्गेश्वरी मॅडम हिमांशूला अक्षरांचे पुठ्ठे ओळखायला देत होत्या. एक पुठ्ठा वाऱ्यानं उडून रेणूच्या ओसरीवर आला. दामिनी तिथं तांदळातले खडे वेचत होती. तिनं पुठ्ठा उचलून दिला.

"थांब गं. हे काय आहे सांग बरं?" मॅडमनी सहज विचारलं.

दामिनीनं पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि खाली बसली. मॅडमनी तिला आणखी दोन-तीन पुठ्ठे दाखवले. मग त्या उठून रेणूच्या चुलीपाशी आल्या. मॅडम आपल्या चुलीपाशी आल्या म्हणून रेणूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं चोरून नीतूकडं पाहून घेतलं.

"ताई, हिची पण तपासणी करून घ्या. मी नंबर लावते. पुढच्या आठवड्यात."

"रोवणी हाये ना, मॅडम."

"रोवणी दरवर्षी येते. आणि एक सांगते, घरून काही शिकवून आणू नका. मुलगी जशी आहे तशी आणा."

रेणूनं मान डोलावली. मनात मात्र ती हसली. जशी आहे तशी! पोरगी पाहायला पाहुणे येतात तेव्हा जशी आहे तशी कोण दाखवतं? आदल्या दिवशी हळद लावतात, पोहे आई करते आणि पोरीनं केले म्हणून सांगतात, पाहुणे विचारतील ती उत्तरं पढवून ठेवतात. पाहुण्यांनाही ते ठाऊक असतं. ही तर गोंदियाची तपासणी. दिमाग तेज निघाला तर मॅडम येते, हे हिमांशूच्या बाबतीत दिसलंच होतं. आणि नाही निघाला तर? तर मंद म्हणून लिहून देतील. मंद पोरीला शाळेत कोण ठेवणार आणि पुढं नवरा तरी कुठून मिळणार?

आणि आणखीही एक होतं. हिमांशू तेज निघाला होता, तर दामिनी त्याच्याहून तेज निघायला पाहिजे होती. रेणूनं हे कोणाला सांगितलं नसतं, पण ते होतं.

नीतू तलावावर धुणं घेऊन गेली तेव्हा रेणूनं गुलगुले तळले आणि हिमांशूला बोलावलं.

"बाबू, गोंदियाले त्या बाईनं तुले काय काय विचारलं होतं रे?"

हिमांशूला अक्षर धरता येत नव्हतं, पण कानानं एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. गुलगुले खात त्यानं सगळी तपासणी ओकली. आकडे म्हणतात, ते तसेच म्हणायचे, मग उलटे म्हणायचे. लाल-पांढरे ठोकळे देतात, चित्रासारखे जुळवायचे. चित्रात काय हरवलं ते सांगायचं. जनावरांची नावं भराभर म्हणायची. मग एक धडा वाचायचा.

"मले नाही आला मोठीमाय, तो धडा. मंग बाईनंच वाचून दाखवला."

"आठवते का तुले?"

हिमांशूनं बोटं चाटली आणि धडा धडाधडा म्हणून दाखवला. "सकाळी पाऊस थांबला. तळ्याच्या काठावर एक बगळा उभा होता. इतक्यात झाडावरून एक आंबा पाण्यात पडला..."

मग रेणूची शाळा सुरू झाली. ठोकळे कुठून आणायचे? तिनं कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, चौकोनी फोडी केल्या, एका बाजूनं हिरवी साल, दुसऱ्या बाजूनं पिवळा गर. दामिनी त्या पाटावर जुळवायची. ठोकळे सुकले की त्यांची भाजी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी नवा कोहळा फुटायचा. "घरात दुसरं काई उगवत नाही का वं?" असं टेकचंदनं जेवताना दोनदा विचारलं. ठोकळ्यांत दामिनीला शिकवावं लागलं नाही, तो खेळ ती पहिल्याच खेपेला आईपेक्षा लवकर जुळवायला लागली होती.

आकड्यांचा सराव रोवणीत चालला. कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात, पाठीवर पाऊस घेत माय-लेकी शेजारी शेजारी रोवायच्या. रेणू आकडे म्हणायची, दामिनी उलटे म्हणायची आणि दोघीही उलट्याच सरकायच्या.

"सात, दोन, नऊ."

"नऊ, दोन, सात."

रांगेत पलीकडून नीतूनं मान वर केली. "काय मोजून राहिल्या, दिदी?"

"पेंड्या," रेणू म्हणाली आणि हातातली पेंडी सोडवून रोपं जरा जास्तच जोरानं खुपसली.

धडा मात्र घरी. दामिनीला तो दोन वेळा ऐकूनच पाठ झाला. रेणूनं तिला पुस्तक धरून, बोट फिरवत म्हणायला लावलं. दामिनीनं बोट फिरवलं आणि मग मधेच थांबली.

"आई, त्या बाईले खरं सांगू का?"

"काय खरं?"

"मले अक्षर दिसते. पण एक धरलं का दुसरं निसटते. मासोळीवानी."

"खबरदार!" रेणूनं तिचा कान पिरगाळला. "असं बोलशील तं मंद मनून लिवून देईल. मंग बस मुर्रीले भांडे घासत. हिमांशूले मॅडम भेटते आन् तुले काऊन नाही? तू काय कमी आहे का त्याच्याहून?"

दामिनीनं मान हलवली आणि पुन्हा बगळ्यापासून सुरुवात केली.

गोंदियाला जायच्या दिवशी टेकचंद सकाळपासून फुगून बसला होता. रोवणीतून दोन हात कमी होत होते. रेणूनं पोरीला घासून घासून अंघोळ घातली. नखांतला चिखल काडीनं काढला. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या, तिथं हळद-तेल भरलं. हळदीचे पिवळे पाय घेऊन दामिनी तिरोड्याच्या बसमध्ये बसली. ओठांत धडा चालूच होता.

तपासणीच्या जागी बाकांवर पुष्कळ आया बसल्या होत्या. रेणूनं एकेकीचं पोर पाहून घेतलं. हे नाक शिंकरतं, ते नखं खातं, ती पोरगी तर बाकाखालीच बसली आहे. आपली दामिनी या सगळ्यांत उजवी. रेणू जरा सैलावली.

तपासणीची बाई वयानं मोठी होती, दमलेली होती, पण बोलायला गोड. आधी तिनं रेणूला आत घेतलं.

"जन्माच्या वेळी काही त्रास झाला होता?"

"नाही."

"लगेच रडली?"

दामिनी उशिरा रडली होती. नर्सनं उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठं तिचा टाहो फुटला होता. "लगेच रडली, मॅडम. सगळ्या दवाखान्यानं ऐकलं," रेणू म्हणाली.

"लहानपणी ताप, झटके?"

दात येताना तापात एकदा डोळे फिरवले होते. "नाही."

"घरात आणखी कोणाला वाचायला अडचण?"

"नाही," रेणू म्हणाली. हिमांशूचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं गिळलं. आपल्या पोरीच्या तपासणीत तरी नीतूचा पोरगा नको.

मग दामिनी आत गेली आणि रेणू बाहेर बसली. दार अर्धवट उघडं होतं. ठोकळ्यांचा आवाज आला आणि थोड्या वेळात थांबला. "वा!" बाई म्हणाली. आकडे झाले, सुलटे, उलटे. जनावरांची नावं तर दामिनीनं अशी सोडली की जंगलच मोकळं झालं. रेणूची छाती फुगत चालली. मग कागदाचा आवाज आला आणि दामिनीचा स्वच्छ, न अडखळणारा आवाज. "सकाळी पाऊस थांबला. तळ्याच्या काठावर एक बगळा उभा होता."

रेणू उठून दाराशी गेली. बाई घड्याळाकडे पाहून लिहीत होती. तिची मान खाली होती. दामिनीचं तोंड आंबा पाण्यात पडण्यापर्यंत पोचलं होतं आणि तिचं बोट अजून पहिल्याच ओळीवर होतं. ते पुढं सरकायला जागा शोधत होतं आणि त्याला जागा सापडत नव्हती.

हे फक्त रेणूनं पाहिलं. आत जाऊन बाईला सांगावं असं तिला एकदा वाटलं. पण लगेच तिला हिमांशू आठवला. त्याला हा धडा एक ओळही आला नव्हता. रेणू पुन्हा बाकावर येऊन बसली.

दुपारी बाईनं दोघींना समोर बसवलं. "तुमची मुलगी खूप हुशार आहे, ताई. ठोकळ्यांत तर फारच छान. लिहिताना चुका करते, पण वाचन व्यवस्थित आहे. मला काही विशेष अडचण दिसत नाही. घरी सराव घ्या."

"मंग मॅडम येईल ना आमच्या घरी? मंगळवारी?"

"कशाला? तिला गरज नाही."

"गरज नाही?"

"आनंदाची गोष्ट आहे, ताई," बाई हसून म्हणाली आणि तिनं पुढच्या पोराला हाक मारली.

परीक्षेत पास झालं की बक्षीस मिळतं, एवढंच रेणूला ठाऊक होतं. पास झालं की बक्षीस काढून घेतात, अशी ही कसली परीक्षा? बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसून होती. तिरोडा आलं तोवर तिनं मनाची समजूत घालून घेतली. आणि घरी पोचल्यावर आंगणात नीतू दिसली, तेव्हा तर तिला समजुतीचीही गरज राहिली नाही.

"काय मनली बाई, दिदी?" नीतूनं विचारलं.

"काय मनंल? माझ्या पोरीले काहीच निघालं नाही. साफ निघाली. हुशार आहे मनली." रेणूनं आवाज चढवला, म्हणजे म्हातारीलाही ऐकू जावं. "सगळ्यांचेच लेकरं काही तसे नसते."

नीतूच्या हातात सूप होतं. ती ते तसंच धरून उभी राहिली. "चांगलं झालं, दिदी," ती म्हणाली आणि आत गेली. त्या रात्री तिच्या ओसरीवरचा दिवा लागला नाही. रेणूला मात्र कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली.

ती शांती काही टिकली नाही. टेकचंदनं सगळं ऐकून घेतलं होतं. सकाळी त्यानं दामिनीला वहीतलं वाचायला सांगितलं. ती पहिल्याच शब्दावर अडली. त्यानं सणसणीत मुस्काटात मारली.

"हुशार आहे मनली ना बाई? मंजे येते तुले सगळं! येते आन् करत नाही! आतापावेतो मी मनत होतो, पोरगी ढ आहे, काय करंल बिचारी. आता समजलं. कामचोर आहे."

शाळेतही तेच. ढ होती तोवर गुरुजी तिला सोडून देत. आता ते म्हणायला लागले, "तुला येतं, तू मुद्दाम करत नाहीस," आणि वर्ग सुटेपर्यंत उभं करायला लागले. टेकचंदनं मुर्रीच्या बहिणीला निरोप धाडला. रोवणी संपली, बोजाऱ्याचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी पोरगी येईल.

शेवटच्या बांधीत रोवताना दामिनीनं एकदाच विचारलं. वर मान न करता विचारलं.

"आई, मी खरंच आळशी आहे का? बाईनं तपासलं ना मले."

रेणूच्या हातातली रोपं चिखलात तशीच राहिली. पोरीला काय सांगायचं? की तुला तपासलंच नाही, मी तुझ्या तोंडातून हिमांशूला तपासून आणलं?

रोवणी संपली. संपल्यावर रोवणाऱ्या बायांना घरी बोलावून जेवू घालायचं, त्याला बोजारा म्हणतात. जमीन सामाईक, म्हणून बोजाराही सामाईक. दोघी जावा एकाच चुलीवर आल्या. रेणू उडदाचे वडे तळत होती, नीतू तांदळाची खीर ढवळत होती, आणि दोघींच्यात कामापुरतंच बोलणं होतं. दिवस मंगळवारच होता. ओसरीच्या कोपऱ्यात दामिनीची पिशवी भरून ठेवली होती. आंगणात बाया पत्रावळी घेऊन बसल्या आणि तेवढ्यात पेरूखाली स्कूटी येऊन थांबली. नीतूनं चटई अंथरली. मॅडम हिमांशूला घेऊन बसल्या.

"आजच्या दिवशीही सुट्टी नाही का गा बाबू?" कवडूची बायको वडा मोडत म्हणाली. "नीतू, एक साल झाला, तुया पोरगा अजून क-ख-च करून राहिला का वं?"

दोघी-तिघी हसल्या. रेणूचा झारा कढईवर थांबला. वर्षभरापूर्वी हे बोलणं ऐकायला ती चार दिवस उपाशी राहिली असती. आता नीतू काय करते? पदर डोळ्याला लावते? आत पळते?

नीतू खीर वाढत होती. तिनं पळी झटकली. "हाव. त्याले वाचता येत नाही. शिकून राहिला," ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडं वळली. खिरीत साखर कमी आहे असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. आवाज खाली घेतला नाही, मान खाली घातली नाही.

रेणू तिच्याकडं पाहत राहिली. तिला पुन्हा हेवा वाटला. मॅडमचा नाही, रेतीच्या ताटाचा नाही, मासोळीच्या डोक्याचाही नाही. ते वाक्य नीतूला म्हणता येत होतं, याचा. वर्षभर आपण ज्याच्यावर जळत होतो ते नीतूनं या एका वाक्यानं मिळवलं होतं, आणि तेच वाक्य झाकायला आपण इतके कोहळे फोडले.

मॅडमनी मान वर केली होती. "रेणूताई, दामिनीचं मला गोंदियाहून कळवलं. वाचन चांगलं आहे म्हणे. मला नवलच वाटलं बघा."

रेणूनं झारा खाली ठेवला. तेलकट हात लुगड्याला पुसले. टेकचंद आंगणाच्या कडेला बायांसाठी पाण्याचा लोटा घेऊन उभा होता. त्याच्याकडे तिनं पाहिलंच नाही, नाहीतर जीभ वळली नसती.

"मॅडम, मी शिकवून नेलं होतं पोरीले. हिमांशूले विचारून सगळं पाठ करून घेतलं. धडा बी पाठच होता." मग ती मोठ्यानं म्हणाली, "माझ्या पोरीले वाचता येत नाही."

आंगणात वडे खायचं थांबलं. ओसरीवरून धुरपताबाई म्हणाली, "काय बोलून राहिली वं ही?"

नीतू खिरीचं भांडं कमरेवर घेऊन उभी होती. "त्या दिशी तं साफ निघाली मनत होत्या, दिदी."

"खोटं मनली होती."

"मले मालूम होतं," नीतू म्हणाली. "शेजारीच तं रोवून राहिली होती मी. मले आकडे समजत नाही का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं होतं. "एक डाव विचारलं असतं तं संग नेली असती."

रेणूनं कढईखालची लाकडं मागं ओढली.

मॅडम कोणावर रागावल्या नाहीत. त्यांनी दामिनीला हाक मारली. "सरक रे हिमांशू, ताईला बसू दे." दामिनी आईकडं पाहत आली आणि चटईच्या टोकावर बसली. मॅडमनी पिशवीतून कागद काढला, कोणी न पाहिलेला. "पाठ काही नाही आता. जेवढं येतं तेवढं. नाही आलं तर नाही म्हण."

दामिनीनं बोट ठेवलं. सगळ्या बाया पाहत होत्या. बोट हललं, थांबलं, मागं आलं. गळ्याची शीर ताणली गेली. कानशिलावर घाम डवरला. रोवणीत दिवसभर वाकूनही न दमणारी पोरगी एका ओळीपुढं धापा टाकत होती. रेणू पहिल्यांदाच नीट पाहत होती. इतकी वर्षं ती याला आळस म्हणत आली होती. आळशी माणसाला असा घाम येत नाही.

"नाही येत, मॅडम," दामिनी शेवटी म्हणाली. "एक धरलं का दुसरं निसटते. मासोळीवानी."

"बस. हेच मला पाहिजे होतं. पुन्हा जाऊ आपण गोंदियाला. या वेळी मी सोबत येते," मॅडम म्हणाल्या. "आणि त्यांच्याकडे दुसरे धडे असतात."

तेवढ्यात आंगणाच्या कडेला लोटा खाली पडला. टेकचंदच्या हातातून पडला होता. पाणी त्याच्या पायांवरून वाहत गेलं, पण तो हलला नाही. मग तो बायांच्या पंगतीमधून वाट काढत आला, चटईपुढं दामिनीसमोर उकिडवा बसला आणि त्या कागदाकडे पाहत राहिला. चौथीतून त्याचं नाव का निघालं, हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बाप म्हणायचा, ढोरं राखायला पोरगा पाहिजे होता.

"तुलेही निसटते का वं?" त्यानं विचारलं. आवाज इतका बारीक होता की रेणूला तो आपल्या नवऱ्याचा वाटलाच नाही.

दामिनीनं बापाकडं पाहिलं. "हाव, बाबा."

टेकचंदनं आपला राठ अंगठा कागदावर ठेवला आणि तिथंच ठेवून बसला. मग चटईच्या कडेला टेकला. ओसरीवर म्हातारीनं पदरात तोंड लपवलं. हिमांशू मात्र खूश होता. त्यानं मोठ्या काकाच्या पुढ्यात रेतीचं ताट सरकवलं आणि आपण पुढच्या वर्गात असल्यासारखं सांगितलं, "बोटानं काढ्याचं असते. पुसलं का जाते."

कवडूच्या बायकोनं गुमान खिरीसाठी द्रोण पुढं केला. रेणूनं कोपऱ्यातली दामिनीची पिशवी उचलली, आत नेऊन उपडी केली आणि कपडे खुंटीला लावले. बाहेर आली तर चटईवर आता जागा उरली नव्हती. टेकचंदचा अर्धा देह जमिनीवर होता. ती पुन्हा आत गेली, आपली सतरंजी घेऊन आली आणि नीतूच्या चटईला लावून अंथरली. चटई सतरंजीपेक्षा पुष्कळ नवी होती, हे तेवढ्यातही तिच्या नजरेतून सुटलं नाही.